सव्वीस अंश

मी मोटारी भरतो. विहिरीवरची, बोअरमधली, पिठाच्या गिरणीची, कुठलीही जळालेली मोटार आणून टाका. आतली काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं, वाळवायची आणि मालकाच्या हवाली करायची. दुकान इंदापुरात आहे आणि घर बारामतीच्या रस्त्याला, निमगाव केतकीच्या अलीकडे. पंचवीस वर्षं हेच चाललंय. माझ्या हातची मोटार परत येत नाही असं मी छाती ठोकून सांगत असे. खरं म्हणजे यायच्या परत. पण त्या माझ्या चुकीने आल्या असं मी कधी म्हटलं नाही. मालकाने कोरडी चालवली, एक फेज गेला, व्होल्टेज पडलं, स्टार्टर भिकार होता. समोरच्याला मोटारीतलं काही कळत नसतं, त्यामुळे माझं खपून जायचं. घरातही माझा तोच खाक्या होता. यांच्या तोंडून 'चुकलं' असं ऐकायला मिळालं तर मी गल्लीत पेढे वाटेन, असं बायको म्हणायची.

आमच्या पुढच्या खोलीत समुद्राची टाकी होती. चार फुटी काच, तिच्यात खारं पाणी, दगड, दोन नारिंगी मासे आणि त्या दगडांवर चिकटलेली जिवंत प्रवाळं. ही सगळी करणी माझ्या मुलीची. नववीत असताना तिने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं आणि वेड घेतलं. पाकिटातलं मीठ मागवायची, फिल्टरच्या पाण्यात कालवायची, मोजायची, परत कालवायची. आमच्याकडे लोक शेतीच्या पाण्यासाठी कॅनॉलच्या पाळीची वाट बघत बसतात आणि ही बया चांगल्या गोड्या पाण्याचं खारं करतेय, म्हणून मी तिची यथेच्छ टिंगल केली. माझे वडील, तात्या, टिंगल करत नसत. ते मीठ कालवलेल्या बादलीत बोट बुडवून चाखायचे, तोंड वाकडं करायचे आणि उठून ओट्यावर जाऊन बसायचे. पण टाकी जगली. मग मीच दुकानातला जुना एसी बदलायचं सोडून पुढच्या खोलीला नवा एसी बसवला, कारण या पाण्याचं तापमान सव्वीस अंशांच्या वर गेलेलं चालत नाही आणि आमच्याकडे मे महिन्यात भिंतीसुद्धा हाताला चटका देतात.

त्या टाकीत एक हिरवं प्रवाळ होतं. बोटाएवढ्या मऊ लांबट पाकळ्यांचा झुबका, टोकांना पिवळे ठिपके, पाण्याच्या धारेत सारखा डुलणारा. तिने आणलं तेव्हा त्याला दोन तोंडं होती. तीन वर्षांत अकरा झाली. नवं तोंड फुटलं की ती मला दुकानात फोन करून सांगायची आणि मी गिऱ्हाइकासमोर "बरं बरं" म्हणून ठेवून द्यायचो. ठेवल्यावर हसू यायचं, हेही खरं आहे.

मागच्या उन्हाळ्यात तिची बारावी झाली. पुढे मासे आणि समुद्र यांचंच शिकायचं असं तिचं ठरलेलं होतं. त्यासाठी कोकणात जायचं, चार वर्षं. निकालाच्या आधी ते कॉलेज एकदा डोळ्यांनी बघावं आणि मावशीकडे राहावं म्हणून ती आणि तिची आई दहा दिवसांसाठी तिकडे निघाल्या. घरात राहिलो मी आणि तात्या. निघायच्या दिवशी तिने मला टाकीपुढे उभं केलं आणि म्हणाली, "पप्पा, हे दहा दिवस नीट गेले तर मी निर्धास्त जाईन. चार वर्षं टँक तुमच्याकडेच ठेवायचाय मला."

तिने भिंतीवर कागद लावला होता. रोज सकाळी टाकीतलं पाणी काचेवरच्या खुणेपर्यंत भरायचं, निळ्या झाकणाच्या कॅनमधून. लाल झाकणाच्या कॅनला हात लावायचा नाही, ते पाणी ती आल्यावर टाकीतलं पाणी बदलायला वापरणार. माशांना चिमूटभर खाणं. एसी बंद करायचा नाही. आणि शेवटची ओळ, खाली दोन रेघा ओढलेली: काहीही झालं तर मला फोन करा.

दोघी शनिवारी गेल्या. सोमवारी दुपारी एसी बंद पडला.

मी जेवायला घरी आलो होतो. खोलीत शिरलो तर आतला एसी फुर्रफुर्र करत होता, पण वारा कोमट. गच्चीवर गेलो. बाहेरच्या डब्याचा पंखा अडकला होता, त्याची मोटार जळली होती. मला खरं तर आनंदच झाला. एसीचा मिस्त्री बोलवायची गरजच नव्हती, मोटार म्हणजे माझ्या घरचं काम. आमच्याकडे एसीची कामं करणारे एक चाचा आहेत, हाताला फार चांगले. पण तीन वर्षांपूर्वी त्यांनी चहाच्या टपरीवर चार लोकांत "त्यानं भरलेली मोटर आठ दिवसांत जळाली" असं म्हटलं होतं आणि तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. मग त्यांना कशाला बोलवा? मी पान्हे घेतले आणि त्या तापलेल्या गच्चीवर मोटार सोडवायला बसलो. एक बोल्ट गंजलेला होता. मी पाय लावून हिसका दिला आणि तांब्याची नळी वाकली. आधी काहीच झालं नाही. मग बारीक शिट्टी सुरू झाली, मिनिटभर चालली आणि थांबली. एसीतला सगळा गॅस निघून गेला होता.

मोटार मी त्याच दिवशी भरून आणली. उत्तम भरली. पण नळी जोडणं आणि गॅस भरणं माझ्या हातातलं नव्हतं. मी बारामतीच्या एका मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो. उन्हाळ्यात एसीचा मिस्त्री उद्या येतो म्हणतो तेव्हा तो कधी येतो, हे मोटारीच्या मिस्त्रीला कुणी सांगायला नको. मीही लोकांना तेच सांगत असतो.

संध्याकाळी सातला मुलीचा फोन आला. समुद्र बघितला, मावशीने आंब्याचा रस घातलेलं सांदण केलं, कॉलेजच्या आवारात नारळाची झाडं आहेत, असं बरंच सांगून झालं. मग तिने विचारलं, "टँकचं टेंपरेचर किती आहे पप्पा?"

काचेला चिकटवलेल्या मापकावर अठ्ठावीस दिसत होतं. "सव्वीस," मी म्हणालो.

का म्हणालो? पोरगी पहिल्यांदा समुद्र बघतेय, तिला कशाला घोर लावायचा, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरंही होतं. पंखा अडकला म्हटलं की पुढे नळीचं आलं असतं आणि नळी माझ्या पायाने मोडली होती.

बारामतीचा मिस्त्री आलाच नाही. मंगळवारी दुपारी पाणी एकतीसवर गेलं. मासे वरच्या बाजूला येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. हिरवं प्रवाळ आखडलं. माझं धाबं दणाणलं. मी दुकान बंद केलं आणि इंदापूरच्या मासळी बाजारात जाऊन बर्फाची लादी आणली. तिथल्या बाईने विचारलं, किती मासळी आहे? मी म्हटलं, दोन. ती माझ्याकडे बघतच राहिली. घरी आल्यावर तात्यांनी लादी फोडली, पिशव्यांत भरली, पिशव्यांची तोंडं सुतळीने आवळली आणि एकेक करून पाण्यात सोडल्या. बाटल्यांत पाणी भरून फ्रिजमध्ये लावायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. ज्या टाकीकडे ते चार वर्षं पाठ करून बसले, तिच्यापुढे आता पाट टाकून बसले होते.

त्या संध्याकाळी पोरीने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सव्वीस म्हणालो. मग म्हणाली, "तिकडे फार ऊन असेल ना? इथे एक सर सांगत होते, पाण्यावर पंखा मारला की दोन-तीन अंश उतरतात." मला वाटलं, कॉलेज बघून आलीय, शिकवतेय बापाला. पण फोन ठेवल्याबरोबर दुकानातले दोन पंखे आणले आणि टाकीच्या दोन्ही टोकांना बांधून त्यांचा वारा पाण्यावर सोडला. खिडक्याही उघडल्या. सकाळपर्यंत पाणी अठ्ठावीसवर आलं.

बुधवारी ती म्हणाली, "पप्पा, लाइट दोन-चार दिवस बंद ठेवले तरी चालतात बरं का. त्यांनाही सुट्टी." मी लाइट बंद केले. पुढच्या गोष्टी कळल्यावर मी हे फोन मनात पुन्हा पुन्हा ऐकले. त्या वेळी मात्र मला एवढंच वाटलं की देव आपल्या बाजूने आहे आणि पोरीला न सांगता निभावतंय.

पंख्याने पाणी थंड होतं, कारण ते उडून जातं. दिवसाला दीड बादली पाणी उडायला लागलं. काचेवरच्या खुणेपासून पातळी चार चार बोटं खाली. निळ्या झाकणाचा, फिल्टरच्या साध्या पाण्याचा कॅन बुधवारी सकाळीच संपला. मी उभा राहून विचार केला. लाल झाकणाचा कॅन भरलेला होता. त्यात मीठ कालवलेलं पाणी, म्हणजे समुद्राचंच पाणी. टाकीतून समुद्राचं पाणी कमी झालंय, तर समुद्राचंच पाणी घालायला नको का? आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, ज्या मशीनला जे ऑइल तेच वरून घालायचं, दुसरं मिसळलं की मशीन गेलं. पोरीने कागदावर उलटं लिहिलंय, पण ते नेहमीच्या दिवसांसाठी असेल, असं मी ठरवलं. लाल कॅन त्याच दिवशी संपवला. मग कपाटातलं मिठाचं पाकीट काढून, पिशवीवर छापलेल्या मापाने, फिल्टरच्या पाण्यात कालवून गुरुवारी सकाळी आणखी एक बादली घातली. मापात मी कधी चुकत नाही.

गुरुवारी दुपारी मापकावर साडेसत्तावीस होतं. बाहेर बेचाळीस, खोलीत पस्तीस आणि पाणी साडेसत्तावीस. मी तात्यांना म्हणालो, "बघा, जिंकलो."

तात्या टाकीकडे बघत होते. म्हणाले, "मग ह्ये असं का कराय लागलंय?"

हिरव्या प्रवाळाच्या पाकळ्या पार आत ओढल्या गेल्या होत्या. मंगळवारी एकतीस अंशाला आखडलं होतं त्याहून जास्त. इतर दगडांवरची छोटी प्रवाळंही मिटलेली. गरमी उतरली तरी हे मिटतंय कसं, मला काही सुधरेना. तात्या उठले. काचेच्या वरच्या काठाला, पंख्याच्या वाऱ्याने उडालेले थेंब वाळून, पांढरा थर धरला होता. त्यांनी तो नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. मग टाकीत बोट बुडवून पाणी चाखलं.

"कसलं पाणी घातलंस?"

मी सांगितलं.

"मीठ घातलेलं? रोज?" ते म्हणाले. "आरं, पोरगी कालवायची तवा चाखलंय मी. एवढं खारट न्हवतं ह्ये. पाणी उडून जातंय, पर मीठ कुठं जातंय? त्ये हितंच ऱ्हातंय. त्येच्यावर तू आणिक मीठ घालतुयास."

इतकी साधी गोष्ट होती.

तात्या पाटावर बसले आणि मला खाली बसायला सांगितलं. कळंबच्या बाजूला कॅनॉलखाली आमचं तीन एकर रान होतं, हे मला माहीत होतं. त्यात आता काही पिकत नाही, पांढरं पडलंय, हेही माहीत होतं. ते कसं झालं, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"कॅनॉलचं पाणी हुतं, कितीबी सोडा," तात्या म्हणाले. "ऊस तहानल्यावानी दिसला की मी पाणी सोडायचो. एका कोपऱ्यात पांढरं फुटलं. मला वाटलं, धुऊन जाईल, म्हून आणिक सोडलं. पाणी उडायचं, मीठ वर यायचं. माझा बाप खाटंवर हुता तवा. रोज इचारायचा, रान कसं हाय? मी म्हणायचो, ब्येस हाय. चार वर्सं ब्येसच म्हणलं मी. त्येला बैलगाडीत घालून न्हेऊन दाखवलं तवा तितं कुसळबी उगवत न्हवतं."

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणायचं? गाडी फिरव म्हणला." तात्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "त्येला लई ठाऊक हुतं रानातलं. पैल्या साली सांगितलं असतं तर चर काढ म्हणला असता. आत्ता पोरीला फोन लाव. ती सांगंल काय करायचं त्ये."

"संध्याकाळी ती करतेच की. तेव्हा सांगतो."

"आत्ता लाव."

मी लावला नाही. मला कारण कळलं होतं, आणि कारण कळल्यावर दुरुस्ती मी करू शकतो, अशी माझी समजूत. मीठ जास्त झालंय ना, मग साधं पाणी घातलं की झालं. मी रस्त्यावरच्या पाण्याच्या दुकानातून गोड्या पाण्याचे दोन जार आणले, टाकीतलं पाणी नळीने बाहेर काढलं आणि जार उचलले. तात्या म्हणत होते, "एकदम नगं. रान धुयाचं तरी पाळीपाळीनं धुत्यात. सावकाश घे." मी म्हटलं, "तात्या, तुम्ही शांत बसा." दोन्ही जार पाच मिनिटांत रिकामे केले.

संध्याकाळी फोन आला तेव्हा तात्या समोरच बसले होते. तिने विचारलं, "किती आहे पप्पा?" मापकावर सत्तावीस होतं. मी तात्यांकडे पाठ केली आणि सव्वीस म्हणालो. आता तर ते जवळजवळ खरं होतं.

"आणि बाकी सगळं ठीक आहे? कोरल उघडलंय?"

"मस्त डुलतंय," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी हिरव्या प्रवाळाचं मांस सुटायला लागलं. भिजलेल्या कागदासारखं, पाण्याच्या धारेबरोबर तुकडा तुकडा. आतला पांढरा सांगाडा दिसायला लागला. एका तोंडाचं झालं, मग शेजारच्याचं. मी हात मागे बांधून बघत उभा होतो. माझी सगळी हत्यारं दुकानात होती आणि त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं. खोलीत कुजल्याचा वास सुटला. त्या दिवशी दुपारी मी चाचांच्या दुकानापुढे जाऊन गाडी लावली.

चाचा एक शब्दही उणा बोलले नाहीत. हातातलं काम पोरांवर सोपवून माझ्याबरोबर आले. गच्चीवर दोन तास बसून त्यांनी नळी जोडली, गॅस भरला, माझी भरलेली मोटार बसवली आणि चालू केली. पंखा बघत म्हणाले, "मोटर एक नंबर भरलीय तुमी. पर पाइप कुणी मोडला ह्यो?"

"आधीच मोडलेला होता," मी म्हणालो.

चाचांनी नळीशेजारी डब्यावर उमटलेला माझ्या बुटाचा ठसा बघितला. मग हत्यारं पिशवीत भरली, खाली येऊन तात्यांशी चार शब्द बोलले, चहा प्यायले आणि गेले.

पाणी सव्वीसवर आलं. दोन्ही मासे वाचले. छोटी प्रवाळं निम्मी गेली, निम्मी हळूहळू उघडली. हिरव्याची अकराच्या अकरा तोंडं रविवारपर्यंत संपली. मी सांगाडा तसाच ठेवला. काढून टाकायचं धाडस झालं नाही. त्या दरम्यान रोज फोन येत होता आणि रोज तिला खरोखरचे सव्वीस सांगताना मला बरं वाटत होतं, इतका मी निर्लज्ज झालो होतो. तिने प्रवाळाचं पुन्हा विचारलं नाही.

मंगळवारी दुपारी त्या परत आल्या. मुलगी खांद्यावरची पिशवी न उतरवता सरळ टाकीपुढे गेली. गुडघ्यावर बसली. बराच वेळ बसली. तिची आई दारातच थांबली. मी दोन दिवस मनात जुळवून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. "अगं, परवा दुपारी व्होल्टेज एकदम..."

"सोमवारी, पप्पा," ती म्हणाली. "मागच्या सोमवारी. दोनच्या सुमारास बंद पडला."

तिने खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. त्यावर एक रेघ होती. सोमवारी दुपारपासून चढत गेलेली, मंगळवारी एकतीसला टेकलेली, मग उतरलेली. टाकीच्या मागे तिने मार्चमध्येच एक छोटं यंत्र बसवलं होतं, ते घरातल्या वायफायवरून तिला पाण्याचं तापमान कळवत असे. लांब गेल्यावर सवय हवी म्हणून. मला सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं, लपवायचं तर मुळीच नाही. मी त्या रेघेवर बोट ठेवून मागे सरकत गेलो. सोमवार सात वाजता, अठ्ठावीस. मंगळवार सात वाजता, तीस. त्या त्या वेळी मी काय म्हणालो होतो ते तिच्या आणि माझ्या, दोघांच्याही ध्यानात होतं.

"मग तू बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. लाज वाटली की माझा आवाज चढतो.

"रोज विचारत होते ना," ती म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "मला वाटलं, आज सांगतील. पंख्याचं सांगितलं, लाइटचं सांगितलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आडून आडून सांगत राहिले. गरमी मला तिथून दिसत होती, पप्पा. मीठ दिसत नव्हतं. ते फक्त तुम्हीच सांगू शकत होता."

मिठाचं तिला कुणी सांगितलं, असं विचारल्यासारखं मी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान हलवली. त्यांनी सांगितलं नव्हतं. तिने रिकामा लाल कॅन बघितला होता आणि शेजारी फाडलेलं पाकीट.

मग मी म्हणालो, चुकलं माझं. बायको दारात होती. तिला पेढ्यांची आठवण झाली असेल तरी तिने तोंडावर काही दिसू दिलं नाही. मुलगी म्हणाली, "असू द्या पप्पा," आणि बाही वर करून पाण्यात हात घातला, सांगाडा सोडवून बाहेर काढला, ताटलीत ठेवला. मी पाणी पुसायला फडकं दिलं. आम्ही दोघांनी मिळून टाकी साफ केली. त्यात तासभर गेला आणि आम्ही कामापुरतं बोललो.

जुलैत तिचा प्रवेश झाला. जायच्या आठ दिवस आधी तिने टाकी, मासे आणि उरलेली प्रवाळं बारामतीतल्या एका बाईंना देऊन टाकली, त्यांच्याकडे अशीच मोठी टाकी होती. मी म्हटलं, "राहू दे की. मी आता शिकलोय. एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही." ती चादरीच्या घड्या घालत होती. म्हणाली, "टँक तुम्ही सांभाळाल, ते माहितीय मला. पण मी रोज विचारणार, तुम्ही काहीतरी सांगणार, आणि मी परत मोबाइल उघडून बघणार. नको ते, पप्पा." दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि मी एक कोपरा धरून ती काच चढवायला मदत केली.

आता पुढच्या खोलीत तात्यांची खाट आहे. थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला, तेव्हापासून ते फारसे उठत नाहीत. मुलगी संध्याकाळी सातला फोन करते, एक दिवस चुकवत नाही. "तात्या कसे आहेत?" ती विचारते. मी सगळं सांगतो. ताप किती, किती वेळा खोकले, भाकरी खाल्ली की नुसतं ताक, डॉक्टर खरंच काय म्हणाले आणि मला त्यातलं काय कळलं नाही. काही वाढवत नाही, काही झाकत नाही. परवा तर रात्रीची गोळी द्यायची मी विसरलो होतो, तेही सांगितलं. ती मध्ये न बोलता सगळं ऐकून घेते. हं, हं म्हणते. माझं सांगून संपलं की म्हणते, "बरं पप्पा. जरा तात्यांना द्या फोन."